तेवीस पायऱ्यांचं स्केटिंग

२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९

निर्णय झाला. यिल्दौला स्केटिंग मी शिकवणार. पद्धतशीर शिकवणार.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, पुढेमागे ही वही प्रोजेक्टची फाइल म्हणून लागेल. मुलगी नऊ वर्षांची. आम्ही राहतो फ्रीसलंडमध्ये, ऐन तळ्याच्या काठावर, आणि तिला स्केटिंग येत नाही. दोष कुणाचा नाही. मागच्या वेळी तळं गोठलं तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि अंगभर कांजिण्या उठल्या होत्या. त्यानंतरचे चार हिवाळे नुसता चिखल.

काल पाके कॉफीला आले होते. पाके म्हणजे माझे सासरे. इथे आजोबांना पाके म्हणतात, पण त्यांना आता पोस्टमनसुद्धा पाकेच म्हणतो. वय एकोणऐंशी, एक खुबा नवीन. बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, यंदा बर्फ धरला तर यिल्दौला गिरणीच्या फेरीला न्यायचं. ही फेरी गावच्या आइस क्लबची. तळं ओलांडून जुन्या पवनचक्कीपर्यंत दोन किलोमीटर, तिथे कार्डावर शिक्का, परत दोन किलोमीटर, दुसरा शिक्का, मग मेडल. बिस्किट कॉफीत पडलं, ते चमच्यानं काढत म्हणाले, माझ्या वाट्याला बर्फाचे अजून किती हिवाळे आहेत कोण जाणे.

यिल्दौ लगेच म्हणाली, तिघं जाऊ. पाके, मी आणि बाबा.

मी हो म्हणालो. माझी बायको बाउक्ये माझ्याकडे बघत राहिली.

२ ऑक्टोबर. दुपारी

बाउक्ये का बघत राहिली त्याचा खुलासा. मी सात वर्षांचा असताना आमच्या शेजारगावच्या शाळेनं आम्हाला याच तळ्यावर आणलं होतं. मी घसरलो आणि थेट बर्फावरच्या टपरीत, वाटाण्याच्या सूपच्या भांड्यावर जाऊन थांबलो. सूप तयार होतं. सगळं सांडलं. त्या दिवसापासून स्केट्स पायात घातलेले नाहीत. तळं गोठलं की माझी पाठ धरते. पाठदुखी खरी आहे. हे फक्त बाउक्येला माहीत आहे. या गावात तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं, ही देवाची कृपा.

यिल्दौला सांगण्याची गरज नाही. मुळात प्रशिक्षण रचणाऱ्याला ते काम यावंच लागतं असं नाही. मी डेअरीतल्या चीज कापणाऱ्यांसाठी प्रशिक्षण रचलं, मला चीज नीट कापता येत नाही. तरी सगळे ९४ टक्क्यांनी पास झाले. नंतर बोटं कापण्याचं प्रमाण जरा वाढलं, पण ते मूल्यमापनाच्या वेगळ्या स्तरात येतं.

अठरा वर्षं हेच करतोय. पाच टप्पे. विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. याच क्रमानं. क्रम चुकला की संपलं.

९ ऑक्टोबर, रविवार

बाउक्येनं सुचवलं की अर्ध्या तासावर बारमाही रिंक आहे, तिथे शनिवारी दहाला नवशिक्यांचा वर्ग असतो, पोरीला टाक. मी नकार दिला. विश्लेषण झाल्याशिवाय वर्ग म्हणजे माप न घेता कोट शिवणं. ती म्हणाली, पाण्यात पडलं की पोहता येतं. मी म्हणालो, तू नर्स आहेस, तू इंजेक्शन द्यायला असंच शिकलीस का? ती म्हणाली, हो, अगदी असंच.

विषय तिथे थांबला.

१६ ऑक्टोबर, रविवार

टप्पा एक सुरू. यिल्दौकडून विद्यार्थी-विश्लेषणाचा फॉर्म भरून घेतला. उत्तरं जशीच्या तशी:

स्केटिंग का शिकायचं आहे? – बर्फावर जायला.
पूर्वज्ञान काय आहे? – कोको कुठे मिळतो ते माहीत आहे.
शिकताना कशाची भीती वाटते? – फॉर्मची.

‘उपलब्ध वेळ’ हा रकाना पालकांनी भरायचा असतो. मी लिहिलं: भरपूर.

३० ऑक्टोबर, रविवार

तज्ज्ञाची मुलाखत. तज्ज्ञ म्हणजे पाके. रेकॉर्डर लावला, चौदा प्रश्न काढले होते. पहिला प्रश्न, स्केटिंग करताना तुम्ही नेमकं काय करता? पाकेंनी बराच विचार केला. मग म्हणाले, पडायचं. मग उठायचं. मग कोको.

मी विचारलं, पाय किती अंशात टाकता? ते म्हणाले, बाहेर. वजन कोणत्या पायावर असतं? म्हणाले, ज्यावर असेल त्यावर. मग त्यांनीच मला विचारलं, खुर्ची आहे ना घरी? स्वयंपाकघरातली, साधी, लाकडी. ती बर्फावर ठेवायची, पोरीनं पाठ धरायची आणि ढकलत सुटायचं. बाउक्ये तशीच शिकली, तिची आई तशीच शिकली.

तज्ज्ञांचं हे नेहमीचंच. त्यांना येतं, पण सांगता येत नाही. खुर्चीचा उल्लेख नोंदवला आहे, ‘अप्रमाणित लोकपद्धती’ या शीर्षकाखाली.

२० नोव्हेंबर, रविवार

मोठा दिवस. स्केटिंगचं एक पाऊल, फक्त एक, मी तेवीस पायऱ्यांमध्ये मोडलं. गुडघा वाकवणं ही पायरी ४, वजन डावीकडे नेणं पायरी ९, थांबणं पायरी २३. भिंतीवर तक्ता लावला. बाउक्ये कामावरून आली, कोट न काढता तक्ता वाचला आणि म्हणाली, पायरी सतराच्या आधी माणूस पडलेला असणार. मी सांगितलं की पडणं या तक्त्यात नाहीच. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

ऑफिसात मार्लूसला दाखवला. मार्लूस माझी बॉस. तिला फार आवडला. म्हणाली, मार्चच्या वार्षिक सभेत हे मांड, घरगुती उदाहरण, लोकांना असं आवडतं. म्हणजे आता हे नुसतं घरचं काम राहिलं नाही.

६ डिसेंबर, मंगळवार

काल सिंटरक्लासची, म्हणजे इथल्या भेटी वाटणाऱ्या दाढीवाल्या संताची, भेटवस्तूंची संध्याकाळ. मला माझ्या नावाचं पहिलं अक्षर, चॉकलेटचं, मिळालं आणि रिवाजाप्रमाणे भेटीबरोबर टोमणे मारणारी कविता. मोठ्यानं वाचायची असते, त्यामुळे वाचली.

सित्सेबाबा तक्ते काढी, तेवीस त्यांत पायऱ्या,
बर्फ विचारी दाराशी येऊन, झाल्या का रे तयाऱ्या?
सित्से म्हणे, थांब जरासा, फॉर्म आधी भर,
बर्फ म्हणाला, वितळलो की येईन त्यानंतर!

पाके इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. कविता सिंटरक्लासकडून येते, त्यामुळे लेखकाचं नाव विचारता येत नाही. अक्षर बाउक्येचं आहे.

टीका मी मोकळ्या मनानं स्वीकारतो. चॉकलेटचं अक्षर आज सकाळी न्याहारीलाच संपवलं.

१८ डिसेंबर, रविवार

टप्पा दोन संपला. उद्दिष्ट लिहून झालं: ‘किमान बारा सेंटिमीटर जाडीच्या नैसर्गिक बर्फावर, वाऱ्याचं बळ तीन किंवा त्याहून कमी असताना, विद्यार्थिनी वीस मीटर अंतर साठ सेकंदांत, जास्तीत जास्त दोन वेळा पडून, स्वतंत्रपणे पार करेल.’ मोजता येईल असं आहे. मला स्वतःला हे वाचून समाधान वाटलं.

यिल्दौनं वाचलं आणि विचारलं, आणि गिरणी? मी म्हणालो, गिरणी हे दूरगामी उद्दिष्ट आहे. तिनं विचारलं, बाबा, तुला येतं ना स्केटिंग? मी म्हणालो, संकल्पनेच्या पातळीवर येतं. तिला पटल्यासारखं वाटलं.

२७ डिसेंबर, मंगळवार

कोरडा सराव सुरू केला. दिवाणखान्यातला गालिचा गुंडाळला, लोकरी मोजे, लाकडी जमीन. पायरी १ ते ६. यिल्दौ पायरी ३ वर असताना मांजर मधे आलं. मांजरानं पायरी १७ पर्यंत मजल मारली आणि कपाटावर जाऊन बसलं.

संकल्प: रोज वीस मिनिटं. शनिवार-रविवार चाळीस.

४ जानेवारी, बुधवार

रोज वीस मिनिटं जमलेलं नाही. कारणं: (१) नववर्षाचे तळलेले गोळे, (२) त्यानंतरचं पोट, (३) पाऊस. पाऊस घरात पडत नाही हे बाउक्येनं सांगितलं. पण मनःस्थितीवर पडतो.

८ जानेवारी, रविवार. दुपारी ४

कोणतंही प्रशिक्षण आधी एका प्रातिनिधिक व्यक्तीवर तपासायचं असतं. प्रातिनिधिक व्यक्ती म्हणून मी स्वतःला निवडलं. गुप्तपणे. गॅरेजमध्ये प्लास्टिकची चादर अंथरली, त्यावर भांडी घासायचा साबण ओतला आणि बाउक्येचे जुने स्केट्स घातले.

पायरी १ (उभं राहणं) यशस्वी. पायरी २ (उभं असणं) अंशतः यशस्वी. त्यानंतर काय झालं त्याचा क्रम नीट आठवत नाही. सायकली पडल्या, सायकलींवर मी पडलो आणि माझ्यावर मागच्या वर्षीचं ख्रिसमसचं झाड. आवाज ऐकून बाउक्ये आली. मी चादरीचा दर्जा निकृष्ट असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. मग तिनं डोक्याला बर्फाची पिशवी दिली. आजवर माझा बर्फाशी इतका दीर्घ संपर्क आला नव्हता.

निष्कर्ष: प्रातिनिधिक व्यक्ती चुकीची निवडली गेली. रचनेत दोष नाही.

२९ जानेवारी, रविवार

निर्मितीचा टप्पा जोरात. पुस्तिका अठ्ठेचाळीस पानांची झाली. प्रत्येक पायरीचं वेगळं कार्ड हवं, ओलं झालं तरी वाचता येईल असं. लॅमिनेट करायचं मशीन ऑफिसातून आणलं.

गॉफे भेटला. गॉफे म्हणजे आइस क्लबचा बर्फमास्तर. बर्फाला भोक पाडून जाडी मोजणं आणि काठावर झेंडा चढवणं हे त्याचं काम. वर्षातले तीनशे साठ दिवस तो नळ दुरुस्त करतो आणि त्या दिवसांत त्याला कुणी विचारत नाही. म्हणाला, पूर्वेकडून वारा येतोय, बुधवारपासून थंडी पडणार. मी म्हणालो, जरा उशिरा पडली तर बरं. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी हे वाक्य फ्रीसलंडमध्ये पुन्हा कधी म्हणणार नाही.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

उणे सात. शेतामागचे चर गोठले. गॉफे म्हणतो, क्लबनं पाणी सोडलेल्या कुरणावर चार सेंटिमीटर आहे, उद्या ते मुलांसाठी उघडतो. मुख्य तळ्याला वेळ आहे.

वेळ आहे हे उत्तम. अजून नऊ कार्डं बाकी आहेत.

५ फेब्रुवारी, रविवार

यिल्दौ विचारत होती, आज कुरणावर जाऊया का? सगळा वर्ग तिथे आहे. मी समजावलं की टप्पा तीन पूर्ण नसताना टप्पा चार सुरू केला तर चुकीच्या सवयी लागतात आणि त्या आयुष्यभर जात नाहीत. ती खिडकीत बसून राहिली. पाके दारावरून गेले, कानटोपी घालून, हातात जुने लाकडी स्केट्स, बुटाखाली पट्ट्यांनी बांधायचे ते. खिडकीशी थांबले, यिल्दौला हात केला. मग माझ्याकडे बघून हात केला नाही.

६ फेब्रुवारी, सोमवार

सगळं गाव वेडं झालंय. बेकरीत ब्रेड मागितला तर बेकरीवालीनं बर्फाची जाडी सांगितली.

८ फेब्रुवारी, बुधवार

शाळेला बर्फाची सुट्टी. बाउक्येची ड्यूटी. मी घरूनच काम करतोय. अभ्यासिकेच्या खिडकीतून तळं दिसतं आणि त्याची चमक थेट स्क्रीनवर येते, म्हणून पडदा ओढून घेतला. पाके यिल्दौला ‘जरा पाय मोकळे करायला’ घेऊन गेले. बरंच झालं, मशीनच्या वासानं तिला खोकला येतो.

दुपारी कॉफी करायला गेलो तर स्वयंपाकघरात चारऐवजी तीनच खुर्च्या. बाउक्येला फोन करून विचारलं. ती म्हणाली, अगं बाई, खुर्ची का? दुरुस्तीला दिलीय. आपल्याकडे खुर्च्या इतक्या मोडतात हे मला माहीत नव्हतं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आजही सुट्टी. अठरा कार्डं झाली.

संध्याकाळी यिल्दौ आली ती लाललाल गालांनी. विजार गुडघ्यापर्यंत ओली, कोपराला खरचटलेलं, तोंडाला बडीशेपेच्या गरम दुधाचा वास. म्हणाली, आम्ही बदकं बघत होतो. जेवणानंतर तिनं मोजे घालून दिवाणखान्यात पायरी १ ते ६ करून दाखवल्या. काय तोल! काय वजन टाकणं! डिसेंबरातल्या कोरड्या सरावाचा परिणाम सहा आठवड्यांनी असा उमलून येतो. याला आमच्यात ‘विलंबित संक्रमण’ म्हणतात. मार्लूसला लगेच मेल केला. तिनं उद्गारचिन्हं पाठवली.

आज मला माझ्या कामाचा खरोखर अभिमान वाटला.

१० फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६

सगळी तेवीस कार्डं तयार. शिट्टी आहे. आठ नारिंगी शंकू आहेत.

गॉफेनं झेंडा चढवला. तळ्यावर बारा सेंटिमीटर. फेरी उद्या सकाळी दहाला. उद्याच, कारण रविवारपासून पाऊस. तारीख माझ्या वेळापत्रकात बसत नव्हती, पण मार्ग काढला: १०.३० ते ११.१५ पायरी १ ते ११, कोको, ११.३० ते १२.४५ पायरी १२ ते २३, मग दुपारी फेरी. बाउक्येला दाखवलं. ती म्हणाली, फेरीला एक वाजता शेवटचा शिक्का मारतात, वरातीमागून घोडं नेणार आहेस का? ती उद्या क्लबच्या प्रथमोपचाराच्या तंबूत आहे. थकलेली असेल.

पाठ धरली आहे. कल्पना होतीच.

११ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ५

सविस्तर लिहितो. 

साडेदहाला काठावर पोचलो. शंकू लावले. शिट्टी फुंकली. आख्ख्या तळ्यावर शेसव्वाशे माणसं, कुणी वळून बघितलं नाही. पायरी १ चं कार्ड हातात घेऊन यिल्दौला शोधू लागलो, तर ती समोरून आली. चालत नव्हती. छातीवर नंबर, गळ्यात कार्ड, हात पाठीमागे बांधलेले, अगदी पाकेंसारखे. थांबणं ही पायरी २३. ती तिनं माझ्या पोटावर पूर्ण केली.

तिच्यामागून पाके आले. त्यांच्यासमोर, बर्फावर, आमची चौथी खुर्ची.

मला एकदम सगळं समजलं. विजार, बदकं, दुरुस्ती. सुट्टीचे दोन दिवस. दोन दिवसांत! मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुझी कार्डं पूर्ण व्हायची होती ना, तुला वाईट वाटलं असतं. आणि लगेच म्हणाली, बाबा, स्केट्स घाल, आम्ही तुझ्यासाठी थांबलोय.

मी पाठीचा विषय काढला.

पाके मग म्हणाले, सित्से, त्या दिवशी टपरीवर मीच होतो. सूप माझं होतं.

ते म्हणाले, बाउक्येबरोबर तू पहिल्यांदा दारात आलास ना, तेव्हाच ओळखलं मी. कानांवरून. सोळा वर्षं झाली. मी कुणाला बोललो का? सूपच ते, परत शिजवलं.

यिल्दौनं विचारलं, कसलं सूप? मग मी तिला सांगितलं. सगळं. सात वर्षांचा होतो ते, भांडं, पाठ, गॅरेज. काठावर उभं राहून, एका हातात कार्ड आणि गळ्यात शिट्टी. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिनं थोडा विचार केला आणि खुर्ची माझ्याकडे ढकलली. म्हणाली, मग ही तू घे. मला आता लागत नाही.

तंबूत माझं फेरीचं कार्ड आणि बाउक्येचे जुने स्केट्स तयारच होते. बाउक्येनं स्वतः बांधून दिले. नाड्या मात्र गरजेपेक्षा घट्ट बांधल्या.

तर मी गिरणीच्या फेरीला निघालो, खुर्ची ढकलत. माझ्या आजूबाजूला चार वर्षांची मुलं खुर्च्या ढकलत होती. एकानं मला विचारलं, तुझं नाव काय? आणि मग, तू कितवीत आहेस? तेवीस पायऱ्यांपैकी एकही आठवली नाही. पुलाखाली बर्फ कच्चा असतो म्हणून तिथे फळ्या टाकल्या होत्या, त्यावरून खुर्ची उचलून नेताना दोनदा पडलो. एकूण सतरा वेळा पडलो. बारा वेळा मागे, चार वेळा पुढे आणि एकदा खुर्चीत, ते पडणं छान होतं. यिल्दौ पुढे जायची, परत यायची, माझ्याभोवती फेरी मारायची, आणि दर वेळी सांगायची, बाबा, गुडघा वाकव. ही पायरी ४. मी स्वतः लिहिली होती.

पाके माझ्या बाजूनं सावकाश येत होते. लाकडी स्केट्स बर्फावर खर्र खर्र वाजत होते. नवा खुबा दुखतो का विचारलं तर म्हणाले, नवा नाही दुखत, जुना दुखतो.

बारा वाजून दहा मिनिटांनी गिरणी आली. शिक्का मारणाऱ्या बाईनं विचारलं, खुर्चीलाही कार्ड आहे का? तिघांच्या कार्डांवर तीन शिक्के. पाकेंनी आपलं कार्ड बराच वेळ हातात धरलं, शाई सुकेपर्यंत. मग म्हणाले, आलो बाबा तिघं. मला भरून आलं. थंडीनं डोळ्यांत पाणी येतं, पण हे ते नव्हतं.

एक वाजता शेवटचा शिक्का. माझ्या वेगानं शक्य नव्हतं. मी म्हणालो, तुम्ही पुढे व्हा. यिल्दौला पटत नव्हतं. पाके म्हणाले, चल पोरी, बाबाकडे खुर्ची आहे, दमला तर बसेल. दोघं हात धरून गेले. मी बघत राहिलो. एकोणऐंशी वर्षांचा माणूस आणि नऊ वर्षांची मुलगी एका लयीत, डावा, उजवा, डावा, आणि मला वाईटही वाटत होतं आणि आनंदही होत होता. मी तिथे हवा होतो. चार महिने होते माझ्याकडे.

माझ्यामागे पाच-दहा मीटरवर गॉफे होता. फेरीचे झेंडे उपटत आणि झाडू मारत येत होता. मी पुढे गेलो की एक झेंडा उपटायचा. घाई करू नकोस म्हणाला, आणि परत झाडू मारला.

दोन वाजता पोचलो. टेबल उचललं होतं. मेडल नाही. तंबूत बाउक्येनं गुडघ्याला पट्टी बांधली आणि हातात वाटाण्याच्या सूपचा वाडगा दिला. पाकेंनी केलेलं. म्हणाली, या वेळी पिऊन टाक.

१२ फेब्रुवारी, रविवार

पाऊस. तळ्यावर पाणी साचलं. गॉफेनं झेंडा उतरवला. माझे शंकू अजून तिथेच उभे आहेत, सहा. दोन तरंगतायत.

पाठ आज खरंच दुखतेय. कुणी विश्वास ठेवत नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

खुर्ची स्वयंपाकघरात परत आली. एक पाय डुगडुगतो, तिचा. मार्लूसचा मेल: मार्चच्या सभेसाठी शीर्षक कळव. मी लिहिलं, ‘खुर्ची’. तिनं विचारलं, हे कोणत्या टप्प्यात येतं? दुपारपर्यंत विचार केला. सांगता आलं नाही.

१५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७

टप्पा पाच, मूल्यमापन. यिल्दौला फॉर्म दिला. तिनं तो बाजूला ठेवला आणि म्हणाली, आता तुझा भरायचा. माझ्या फाइलमधून ऑक्टोबरचा कोरा विद्यार्थी-विश्लेषणाचा फॉर्म काढला, मला समोरच्या खुर्चीवर बसवलं, डुगडुगणाऱ्या, आणि स्वतःच भरत गेली. मला काही विचारलंही नाही. आता तो माझ्यासमोर आहे.

विद्यार्थ्याचं नाव: बाबा.
स्केटिंग का शिकायचं आहे? – पुढच्या वेळी परत येतानाही तिघं पाहिजेत.
पूर्वज्ञान काय आहे? – पडता येतं. चांगलं.
शिकताना कशाची भीती वाटते? – आता कशाचीच नाही, सगळ्यांना कळलंय.
उपलब्ध वेळ: पाकेंना विचारून सांगते.

शेवटची ओळ मी बऱ्याच वेळा वाचली. ऑक्टोबरात तिथे मी ‘भरपूर’ लिहिलं होतं.

रिंकला फोन केला. शनिवारी दहाचा नवशिक्यांचा वर्ग, एक जागा होती, घेतली. यिल्दौ आणि पाके काठावर बसून बघणार आहेत. विश्लेषण केलेलं नाही.